दारूबंदीच्या नावाखाली मक्तेदारीचे संरक्षण

आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघाला, त्याच आठवड्यात आमच्या अभ्यासवर्गाची बैठक भरली होती. विषय होता शेतमालावरील प्रक्रिया आणि सहकार. केळीचे वेफर, केळीची भुकटी, खोडापासून धागा ही नेहमीची यादी वाचून झाली. तेव्हा रावेरकडचा एक तरुण साथी उठला आणि त्याने विचारले की केळी आणि दादर ज्वारी यांच्यापासून हलकी बिअर करणारी शेतकऱ्यांची सहकारी भट्टी काढायची झाली तर कायदा काढू देईल काय, आणि काढू दिली तरी तिचा माल शेजारच्या बऱ्हाणपुरात विकता येईल काय? अध्यक्षस्थानी मी होतो. "साने गुरुजींच्या कर्मभूमीत दारूची भट्टी?" असे काहीसे मी म्हणालो, हशा पिकला आणि तो तरुण खाली बसला. घरी परतताना मला जाणवले की त्याने अर्थशास्त्राचा एक नेमका प्रश्न विचारला होता आणि चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने त्याला उत्तर न देता टाळ्या मिळविल्या होत्या. ते उत्तर आता देत आहे.

आरंभीच सांगतो की मी स्वतः मद्याला स्पर्श करीत नाही आणि आमच्या पक्षाने दारूबंदीचा आग्रह सोडावा असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की राज्याराज्यांच्या सीमेवर मद्याच्या आयातीभोवती जी परवाने, शुल्के आणि नोंदण्या यांची भिंत उभी आहे, तिचा दारूबंदीशी काडीचाही संबंध उरलेला नाही. ती भिंत मक्तेदार भांडवलाची आहे. आपण मात्र तिला नैतिकतेचा गड समजून तिच्या पायथ्याशी पहारा देत बसलो आहोत.

आधी वस्तुस्थिती पाहू. आपल्या घटनेने मादक पेये हा विषय राज्यांच्या सूचीत टाकला, त्यांवरील उत्पादन शुल्कही राज्यांकडे ठेवले आणि ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदी हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंदविले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांच्या हद्दींवरील विक्रीकराचे नाके उठले. पण मानवी सेवनासाठीचे मद्य या कराच्या बाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे आज रावेरची केळी भरलेला ट्रक बऱ्हाणपूरमार्गे दिल्लीला जातो तेव्हा त्याला मध्य प्रदेश हे परके राज्य वाटत नाही. तीच केळी आंबवून बाटलीत भरली की मात्र बऱ्हाणपूर परदेश होते. तेथे त्या बाटलीचे लेबल नव्याने नोंदवावे लागेल, आयातीचा परवाना काढावा लागेल, वाहतुकीचा पास लागेल, आयातीवरील शुल्क भरावे लागेल, आणि हा सारा व्याप वर्ष बदलले की पुन्हा करावा लागेल. तेथील माणसाला आपल्याकडे माल पाठवायचा झाला तर हेच उलट दिशेने. घटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार मुक्त असेल असे म्हटले आहे खरे. पण मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, ती राज्याची खास मिरास आहे आणि राज्य ती हव्या त्या अटींवर विकू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या हरशंकर खटल्यात दिला आणि १९९५ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात तो दृढ केला. मिरास विकायला काढली की ती कोण विकत घेऊ शकतो हा प्रश्न उरतो, आणि तो थैलीचा प्रश्न असतो.

येथे थोडे गणित करू. समजा, एका लेबलाची नोंदणी आणि तिच्यासोबतचे सोपस्कार यांना एका राज्यात वर्षाला एक लाख रुपये लागतात. (हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे, राज्यागणिक तो वेगळा असतो.) जी कंपनी त्या राज्यात वर्षाला दहा लाख खोकी विकते तिच्यावर याचा भार खोक्यामागे दहा पैसे पडतो. जी भट्टी हजार खोकी विकेल तिच्यावर तो खोक्यामागे शंभर रुपये पडतो. हा कर मद्यावरचा म्हणता येत नाही, कारण दोन्ही बाटल्यांतील मद्यार्क समान असूनही भार हजारपट भिन्न आहे. हा लहानपणावरचा कर आहे. आणखी असे की लहान भट्टीला निरनिराळ्या चवींचे चार प्रकार करावेसे वाटले तर प्रत्येक प्रकाराचे लेबल वेगळे, म्हणजे दंड चौपट. ज्याला शहरांत 'क्राफ्ट बिअर' म्हणतात, म्हणजे थोड्या प्रमाणात, स्थानिक धान्य-फळे वापरून, कारागिराच्या हाताने केलेली बिअर, तिचा प्राणच या विविधतेत असतो. पुण्यात २००९ साली डूलालीसारखी लहान भट्टी सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा भट्ट्या वाढत गेल्या; पण त्यांचा मुख्य व्यापार त्याच छपराखाली पेल्यात ओतून विकण्याचा राहिला. जळगाव-धुळ्याच्या ग्राहकापर्यंत ते पेय पोचत नाही; आणि येथील उत्पादकाच्या मनात तशी कल्पना आलीच तर तिचे काय होते ते आमच्या अभ्यासवर्गात दिसलेच.

भिंत किती आंधळी आहे याचे एक अलीकडचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. 'बिरा' नावाची बिअर करणाऱ्या कंपनीने भागबाजारात उतरण्याच्या तयारीत आपल्या नावातून 'प्रायव्हेट' एवढा एकच शब्द गाळला. कारखाना तोच, बिअर तीच, मालकही तेच. परंतु राज्याराज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांच्या लेखी ती नवी कंपनी ठरली. सर्व लेबले नव्याने नोंदवावी लागली, कित्येक महिने विक्री अडली आणि सुमारे ८० कोटी रुपयांचा माल निकामी झाला. ही कंपनी काही गरीब कारागिरांची नव्हे, तिच्यामागे परदेशी भांडवल होते आणि तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आपल्याला कारण नाही. पण एवढ्या भांडवलाचे जर एका शब्दापायी असे हाल होत असतील, तर रावेरच्या पन्नास केळी-उत्पादकांची सहकारी संस्था या व्यवस्थेत किती दिवस तग धरील, याचा विचार करावा.

मग या व्यवस्थेत सुखाने नांदते तरी कोण? ज्यांचे प्रत्येक मोठ्या राज्यात स्वतःचे किंवा भाड्याचे कारखाने आहेत ते. बिअर म्हणजे बहुतांशी पाणी; ती दूर नेणे मुळातच महाग. त्यात सीमेवर शुल्क आले की शहाणा भांडवलदार बिअर नेत नाही, कारखानाच नेतो. अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत जा. देशातील बड्या बिअर कंपन्यांचे कारखाने तेथे दाटीने उभे दिसतील. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे टँकरच्या रांगेत उभी असताना या कारखान्यांना पाणी चालू होते. अखेर उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाला त्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा हुकूम द्यावा लागला. आपल्या दारूबंदीच्या राज्यात माणसाआधी भट्टीला पाणी मिळत होते, हे विसरता कामा नये.

या मंडळींमध्ये निदान स्पर्धा तरी आहे काय? तिचाही निकाल लागलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या आदेशात असे ठरविले की युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग आणि एबी इनबेव्ह या तीन गटांनी २००९ ते २०१८ अशी जवळजवळ दहा वर्षे अनेक राज्यांत, त्यांत महाराष्ट्रही आला, संगनमताने बिअरच्या किमती ठरविल्या. दंड झाला ८७३ कोटी रुपयांचा. गुपित फोडल्याबद्दल एबी इनबेव्हला पूर्ण माफी मिळाली आणि २०२२ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने हा आदेश उचलून धरला. या प्रकरणातील बोधाचा भाग असा की अनेक राज्यांत किंमत मंजूर करतो उत्पादन शुल्क खाते. आणि खात्यापुढे कोणता आकडा मागायचा हे या कंपन्या आधी आपसात ठरवून जात. म्हणजे ज्या नियंत्रणाला आपण समाजाचे भांडवलावरील नियंत्रण समजत होतो, तेच नियंत्रण भांडवलाला एका टेबलाभोवती बसण्याची सोय करून देत होते. बाहेरचा माल सहज आत येऊ शकला असता तर हे संगनमत दहा वर्षे टिकते ना. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजते. आमच्या पक्षाच्या एकाही ठरावात ते आलेले नाही.

आता आपल्याकडील दारूबंदीच्या कायद्याकडे वळू, कारण विनोदाची खरी खाण तेथे आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या शब्दांप्रमाणे हे राज्य दारूबंदीचे राज्य असून परवाना असलेल्यालाच मद्य बाळगता व पिता येते. याच दारूबंदीच्या राज्याने २००७ साली ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, आणि त्या परवान्यांचे धनी कोणकोणत्या पुढाऱ्यांच्या गोतावळ्यातून निघाले याची चर्चा तेव्हा महाराष्ट्रभर झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात बिअरची विक्री घटते आहे या चिंतेने शासनाने शुल्क कमी करता येईल का हे पाहण्यासाठी अभ्यासगट नेमला. ४७ व्या अनुच्छेदाची शपथ घेतलेले राज्य लोक बिअर कमी पितात म्हणून समिती नेमते! जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि त्याच बैठकीत 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्याधारित मद्याचा एक नवाच वर्ग निर्माण केला, जो केवळ महाराष्ट्रातील उत्पादकांनाच तयार करता येईल. त्याच्या १८० मिलिलीटरच्या बाटलीची किमान किंमत १४८ रुपये आणि विदेशी मद्याची २०५. दोहोंतील मद्यार्क यकृताला सारखाच जाळतो. फरक एवढाच की एक बाटली आपल्या हद्दीतील कारखानदाराची आहे. या साऱ्या बदलांतून तिजोरीला वर्षाला १४ हजार कोटी रुपये अधिक मिळतील, असे तेव्हा सांगण्यात आले. हे आकडे पाहून कोणी दारूबंदीचे नाव घेत असेल तर त्याच्या धारिष्ट्याला नमस्कार.

यावर आमचे काही साथी म्हणतील की राज्यांचे अधिकार हा आपल्या संघराज्याच्या विचाराचा गाभा आहे आणि राज्याने आपल्या उद्योगाला झुकते माप दिले तर बिघडले कुठे? राज्यांच्या अधिकारांबद्दल माझे त्यांच्याशी दुमत नाही. केंद्राने हा विषय आपल्या मुठीत घ्यावा असे मी स्वप्नातही सुचविणार नाही. पण अधिकार असणे वेगळे आणि तो कोणासाठी वापरला जातो हे वेगळे. आपल्या राज्यातील मालावर जेवढे उत्पादन शुल्क आहे तेवढेच बाहेरून येणाऱ्या मालावर घेणे हे समतोलाचे काम झाले. प्रतिशुल्काचा अर्थच समतोल असा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ओरिसाच्या कल्याणी स्टोअर्स खटल्यात सांगितले. तेथे तर त्या मद्याचे राज्यात उत्पादनच नव्हते, म्हणून प्रतिशुल्क बेकायदा ठरले. समतोलाच्या पलीकडे जे जे आकारले जाते ते संरक्षण होय. संरक्षणाला समाजवाद्याने विरोध करावा असेही नाही. बाल-उद्योगाला संरक्षण द्यावे हे आपणच सांगत आलो. परंतु येथे बाळ बाहेर उघड्यावर आहे आणि दाईने पदराखाली घेतला आहे तो मिशीवाला पहिलवान.

हा पहिलवान पदराखाली कसा आला ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या सातपुड्यातील भिल्ल-पावरा मोहाची फुले वेचीत, आंबवीत आणि सणावारी, लग्नकार्यात, देवाच्या नावाने पीत. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळण्याचा हक्क आवळून मक्तेदार ठेकेदारांच्या हाती दिला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे फुलांच्या साठवणीवरच बंधने घातली. हेतू महसुलाचा होता आणि तो त्यांनी फारसा लपविलाही नाही. घरची वस्तू गुन्हा झाली आणि दुकानातील वस्तू कायदेशीर झाली. आदिवासी ठेकेदाराच्या दुकानात उधारीवर पिऊ लागला आणि उधारीपायी जमीन घालवू लागला. १९२२ साली दक्षिण गुजरातेत उठलेली देवीची चळवळ आपल्या पश्चिम खानदेशाच्या कडेपर्यंत आली, १९३८ च्या सुमारास तळोद्याकडे गुलाम महाराजांची आरतीची चळवळ झाली. दोन्हींनी दारू सोडण्याचा संदेश दिला आणि दोन्हींचा घाव ठेकेदाराच्या गल्ल्यावर बसला.

हेच दक्षिण आफ्रिकेत घडले. ज्वारीची बिअर ही तेथील आफ्रिकी स्त्रियांची घरची कला. ती विकून त्या पोरेबाळे जगवीत. १९०८-०९ च्या सुमारास डर्बन नगरपालिकेने त्या बिअरची मक्तेदारी स्वतःकडे घेतली, घरी गाळणे गुन्हा ठरविले आणि नगरपालिकेच्या बिअरगृहांच्या नफ्यातून काळ्या वस्त्यांवरील बंदोबस्ताचा खर्च भागविला. १९५९ साली केटो मॅनॉर वस्तीतील स्त्रिया त्या बिअरगृहांवर चालून गेल्या. त्यांचे भांडण आपले मडके फोडून नगरपालिकेचे मडके त्यांच्या नवऱ्यांपुढे ठेवणाऱ्या राज्याशी होते.

शहाद्याचे उदाहरण माझ्यावर उलटविले जाईल हे मला ठाऊक आहे. १९७२-७३ मध्ये श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. ती मडकी गावठी दारूचीच होती. ज्या तालुक्यात बायकांनी मडकी फोडली त्या मुलखात तुम्ही भट्ट्या मागता काय, असा प्रश्न येईल. तो योग्य आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. नवऱ्याच्या मारापासून सुटण्यासाठी त्या स्त्रियांनी जे केले ते कोणत्याही उत्पादन शुल्क निरीक्षकाने आजवर केलेले नाही. पण नीट पाहा: तेथे निर्णय स्त्रियांचा होता. आपल्या गावात काय चालेल व काय चालणार नाही हे त्यांनी ठरविले. त्यांचा तो अधिकार पुढे कायद्यानेही अंशतः मान्य केला. गावातील किंवा प्रभागातील स्त्रियांच्या मतदानाने दुकानाची बाटली आडवी करण्याची तरतूद आली, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. या अधिकाराच्या तुलनेत सीमेवरची भिंत काय करते? तिने शहाद्यात एकही बाटली कमी केलेली नाही. बिअरच्या बड्या कंपन्यांचा माल कितीही येऊ शकतो. येऊ शकत नाही तो फक्त लहानांचा.

नर्मदेच्या पलीकडे मात्र निराळा खेळ चालू आहे. अक्राणीच्या डोंगरांसमोर, नदीपार, मध्य प्रदेशचा अलीराजपूर जिल्हा. माणसे तीच, भाषा जवळजवळ तीच, झाडे तर तीच. मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' मद्य म्हणून मान्यता देणारे धोरण काढले आणि २०२३ पासून अलीराजपूर व दिंडोरी येथील आदिवासी बचत गटांनी गाळलेली मोहाची बाटली बाजारात आली. अलीकडच्या काठावरील बाईने तेच केले तर तिच्यावर दारूबंदी अधिनियमाच्या ६५ व्या कलमाखाली गुन्हा. एक काठ वारसा, दुसरा काठ गुन्हा. आणि पलीकडच्या गटाला अलीकडे माल विकायचा झाला तर? तोच परवाना, तेच लेबल, तेच शुल्क.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे नव्हे. २०२१ साली मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील बंधने उठली. उशिरा झाले, पण योग्य झाले. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले, काजूबोंडे यांसारख्या स्थानिक मालापासून केलेल्या मद्याला दर्जा दिला तो मात्र, वाचकहो, 'विदेशी मद्या'चा! सातपुड्याच्या मोहाला आपल्याच भूमीत विदेशी म्हणवून घ्यावे लागते तेव्हा कुठे तो कायद्याच्या दारात उभा राहू शकतो, कारण 'देशी दारू' हा शब्द मळीवर चालणाऱ्या कारखान्यांनी आधीच गिळंकृत केला आहे. गोव्यात याच्या उलट त्रांगडे आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये वारसा पेयाचा मान मिळाला. पण तिची गणना 'देशी दारू'त होत राहिल्याने गोव्याबाहेर विक्रीचे दरवाजे बंद राहिले. इकडे सिंधुदुर्गातील काजूबोंडे बागेत कुजतात किंवा गोव्याकडे जातात, तयार बाटली परत येताना चोरीचा माल ठरते. २०२२ मध्ये तर गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांना संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का लावण्याची भाषा राज्याच्या उत्पादन शुल्क मंत्र्यांनी केली. खंडणीखोर टोळ्यांसाठी केलेला कायदा बाटल्यांसाठी!

'हा मध्यमवर्गीय चैनीचा प्रश्न आहे' असा आक्षेप उरतो. आज ती चैन आहे हे खरेच. पुण्यातील पेल्याची किंमत ऐकून माझ्या पेन्शनीला घाम फुटतो. पण ती चैन का झाली? खादी महाग झाली म्हणून आपण खादीला चैन म्हटले नाही, गिरणीला दोष दिला. अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर करण्यावरील केंद्रीय बंधन उठले तेव्हा त्या देशात शंभरही बिअरभट्ट्या उरल्या नव्हत्या. आज नऊ हजारांहून अधिक आहेत आणि गावातले बेकरीवाले, शेतकरी त्या चालवितात. पूर्व आफ्रिकेत रवांडा-युगांडाकडे केळीच्या रसात ज्वारीचे पीठ घालून आंबविलेली बिअर घरोघर होते. केळी आणि ज्वारी! आमच्या रावेरच्या साथीने जे विचारले ते तेथील बाया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. आणि गरिबाला स्वस्त, सौम्य, तपासलेले पेय मिळण्याचे सर्व मार्ग बंद केले की तो काय पितो, हे २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तेथे शंभरहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत चैनी मध्यमवर्गीय कोणी नव्हते.

सहकाराविषयी माझा मोह फार नाही, हेही सांगून टाकतो. साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सहकाराचे काय केले ते आपण पाहिले आहे. परवाना संस्थेचा, मळी सभासदांची आणि नफा घराण्याचा. म्हणून नुसते 'सहकारी संस्थांना परवाने द्या' म्हणणे हे नव्या सरंजामदारांना आमंत्रण ठरेल. मला वाटते पक्षाने पुढीलप्रमाणे भूमिका घ्यावी. मद्यावरील शुल्क त्यातील मद्यार्काच्या प्रमाणावर असावे, बाटली कोणत्या राज्यातून आली यावर नसावे. सौम्य पेयावर कमी, जहाल पेयावर जबर. शुद्धतेची तपासणी एकदा, एका राज्यात झाली की ती शेजारच्या राज्याने मानावी आणि लेबलाचे शुल्क विक्रीच्या प्रमाणात असावे. ठरावीक मर्यादेखालील उत्पादन करणाऱ्या शेतकरी, आदिवासी व स्त्रियांच्या संस्थांना परवाना मिळावा, पण ज्या गावात भट्टी असेल तेथील ग्रामसभेच्या, आणि तीत उपस्थित स्त्रियांच्या स्वतंत्र बहुमताच्या, संमतीनेच. एक पैचेही अनुदान नको. प्रत्येक परवान्याच्या खऱ्या मालकांची नावे जाहीर व्हावीत. आज बड्या कारखान्यांबाबत तेवढे केले तरी निम्मे राजकारण उघडे पडेल. आणि ज्या गावातील स्त्रिया दारू नको म्हणतील तेथे बड्यांची नाही, लहानांची नाही, कोणाचीच बाटली जाऊ नये. तेथे दारूबंदी खरीच असावी आणि आपण तिच्यासाठी सत्याग्रहाला बसावे.

डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो गरिबी गोड वाटत होती म्हणून नव्हे. मोठे यंत्र मालकाला सत्ता देते आणि लहान यंत्र ती विखुरते, हे त्यांनी ओळखले होते. हातमागाला, तेलघाण्याला, गुऱ्हाळाला आपण हा विचार लावला. मडक्याशी येऊन तो अडखळला, कारण मडके पाहताच आपल्याला माणसाचा अधःपात आठवतो. तो मलाही आठवतो. पण अधःपातावर टाच आणण्याचे जे काम आपण उत्पादन शुल्क खात्याकडे सोपविले, त्या खात्याचे यश दर मार्चअखेर वसुलीच्या उद्दिष्टावर मोजले जाते.

या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी जिल्हा कार्यालयाकडे पाठविला आहे. रावेरच्या साथीला तो आधी दाखविला. अभ्यासवर्गातील त्या हशाबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली ती त्याने हसून उडवून लावली आणि मसुद्यात एक दुरुस्ती सुचविली: ग्रामसभेची संमती एकदाच न घेता दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावी, आणि ती नाकारली गेल्यास संस्थेला नुकसानभरपाई मागता येऊ नये. भट्टी काढू इच्छिणाऱ्यानेच ही अट घातली आहे. मी ती मसुद्यात घेतली आहे.